फणसाखालची गाडी

आमच्या घरमालकांची गाडी मागच्या खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, फणसाखाली उभी असायची आणि ते ती रोज चालवायचे. इंजिन बंद ठेवून. दुपारची झोप झाली, तोंडावर पाणी मारून झालं, की डोक्यावर हॅट, अंगात गंजी आणि गंजीवरून पँटचे खांद्यावरचे पट्टे अशा थाटात ते ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत आणि खळ्यातल्या कोंबड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "कोणाक येवचा आसा?"

मी ड्यूटीवरून आलेली असले तर मी जायचे. मागच्या बाकावर बसायचे, खिडकीचा निळा पडदा सारायचे. ते एकदा हॉर्न वाजवत, कोंबड्या बाजूला होत आणि आम्ही निघायचो. थोड्या वेळाने ते सांगत, "कसाल इला." कसालला थांबायचंच, कारण कसालला चहा. मग स्वयंपाकघराच्या दारातून मावशी, म्हणजे त्यांची बायको, दोन कप घेऊन येई आणि खिडकीतून आत देई.

"कसालच्या चायेक गोडी नाय," ते म्हणत.

"मगे खारेपाटणाक जावन पी," मावशी म्हणे आणि कप परत न्यायला तिथेच उभी राही. गाडीत ती कधी चढत नसे. पायरीवर पाऊलसुद्धा ठेवत नसे.

चहा झाला की आम्ही मिठबावला जायचो. कट्ट्याहून मिठबावला जायला कसालचा फेरा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा विचारलं नाही. मिठबावच्या उतारावर ते पाय जरा वर उचलत, हात सैल सोडत आणि हळू आवाजात म्हणत, "आता बोला नको. दर्यो येतलो." फणसाच्या पानांतून उतरलेले कवडसे टपावरून, पडद्यावरून, माझ्या मांडीवरून सरकत जायचे. वारा आला की सगळी गाडी किंचित डुलायची. शपथेवर सांगते, मला उतार जाणवायचा. आणि मग ते समोर बघत राहायचे, मीही बघायचे. समोर होती गोठ्याची भिंत. पण त्या वेळी कोणी मला गोठा म्हणालं असतं, तर मी भांडले असते.

मी तेव्हा कट्ट्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सिंधुदुर्ग जिल्हा नवा नवा झाला होता, ट्रंक कॉल लावायला लोक सकाळपासून ताटकळत बसत आणि लाइन लागली नाही की दोन्हीकडचे मला शिव्या घालत. माझी जीभ तिखट आहे असं माझ्या सासरचे म्हणतात. ती लग्नाआधीच त्या बोर्डासमोर तयार होऊन आली होती, त्यांनी उगाच स्वतःला श्रेय घेऊ नये. राहायला खोली हवी होती. कोणीतरी सांगितलं, पात्रांवांकडे बघ.

पात्रांव म्हणजे शेठ, मालक. गोव्याकडून आलेला शब्द. गाव त्यांना तसं चेष्टेनेच म्हणायचं. जन्मभर परदेशी बोटींवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला हा किरिस्तांव गृहस्थ, सहा फूट उंच, भुवया पांढऱ्या, हातांच्या बोटांवर ॲसिडचे डाग. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "तुमच्या एक्सचेंजात ब्याटऱ्यो खंयच्या आसत? पाणी कोण घालता त्यांका?" मी सांगितलं, काचेच्या मोठ्या बरण्यांच्या आहेत, लाइनमन घालतो. ते खूश झाले. "मगे तुका करंटाची कदर आसतली," म्हणाले आणि भाडंबिडं न ठरवता आत चहा सांगितला.

त्यांचं एक तत्त्व होतं: "एक जावक, एक रवाक." एक जायला, एक राहायला. हे तत्त्व ते सगळ्याला लावायचे. चष्मे दोन, छत्र्या दोन, हातोड्या दोन. एक वस्तू बाहेर गेली तर घरातली दुसरी घर सोडून जायची नाही. बॅटरीतल्या ॲसिडची ताकद मोजायची काचेची नळी असते ना, आतलं बोंडूक वर-खाली होतं ती, तीही त्यांच्याकडे दोन होत्या. एक बॅटरीची आणि एक स्वयंपाकघराची. दुसरी ते मिठाच्या पाण्यात बुडवत, ताडीत बुडवत आणि एकदा माझ्या डाळीत बुडवली. वर धरून बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "चेडवा, डाउन आसा. पाणी जास्ती." मी म्हटलं, पात्रांव, डाळ आहे ती, ट्रक नाही. पण खरं तर पाणी जास्तच झालं होतं.

गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. जुनी मॅटाडोर, लिलावातली. मागचं एक बाक सोडून आतली बाकडी काढून त्यांनी तिथे पलंग बसवला, कपाट बसवलं, स्टोव्ह ठेवायला कोनाडा केला. बाहेरून खाली निळा, वर पांढरा रंग दिला. गाव तिला 'बोट' म्हणू लागलं. तिच्यात अर्थातच बॅटऱ्या दोन होत्या. एक इंजिन सुरू करायची आणि एक घराची, म्हणजे आतला दिवा, पंखा, रेडिओ. "गाडयेचा पोट वेगळा, घराचा पोट वेगळा," ते सांगत. "घरान कितीय खाल्ला तरी गाडी उपाशी रवता नये. नायतर सकाळी खंयच्यातरी रानात बसतलंव हात चोळीत." दोन्ही पोटांच्या मधे त्यांनी बोटीवरून आणलेला हाताएवढा तांब्याचा खटका बसवला होता. इंजिन चालू असलं की खटका खाली, दोन्ही बॅटऱ्या भरतात. इंजिन बंद, खटका वर, दोघी वेगळ्या. तो खटका बसवायला त्यांना एक अख्खा पावसाळा लागला होता आणि तो वर-खाली करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरही फारसं पाहिलेलं नाही.

कट्ट्याची लाइट गेली, आणि ती सारखी जायची, की पात्रांव गाडीत पंखा लावून बसत. शेजारपाजारचे बघायला येत. बॅटरी उतरली की ते इंजिन सुरू करून ठेवत, आणि मग सगळा काळा धूर थेट स्वयंपाकघरात. मावशी आतून ओरडायची, "शिरा पडली तुझ्या गाडयेर! माझ्या पेजेक डिझेलाचो वास लागलो!"

आता ती गाडी कुठे जात का नव्हती, ते सांगते.

मावशीचं लग्न झालं आणि महिन्याभरात पात्रांव बोटीवर गेले. पुढे कित्येक महिने ना चिठ्ठी, ना निरोप. बोट कुठे आहे हे कंपनीलाही धड सांगता येईना. तेव्हा या पोरीने घरातल्या सायबिणीसमोर, म्हणजे मेरी मातेच्या मूर्तीसमोर, खोबरेल तेलाचा दिवा लावला आणि बोलली, "माझो घोव सुखरूप येवंदे. तुझ्यासमोरचो ह्यो दिवो मी जिती आसय तोपर्यंत माझ्या हातान जळत ठेवतलंय." पात्रांव आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. असे किती वेळा गेले आणि आले. आणि दिवा तो जळतच राहिला. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, वात सरकव, काजळी काढ. मावशी मालवणच्या बाजाराला जाई ती सकाळी तेल घालून, आणि घामाघूम होऊन दिवेलागणीच्या आत परत. एकुलत्या बहिणीच्या मुलीचं लग्न गोव्याला झालं, ही गेली नाही. लग्नानंतर तिने एक रात्रही त्या घराबाहेर काढलेली नव्हती.

पात्रांव आता कायमचे घरी आले होते. रोज समोर बसून पेज जेवत होते. पण नवस संपला असं म्हणायचं कोणी? ते स्वतः म्हणू शकत नव्हते. दिवा त्यांच्याच जिवासाठी होता. पाद्रीबाब एकदा आले असताना मी विषय काढला. ते भले गृहस्थ, म्हणाले, "मावशी, देवाला सगळं कळतं. मी सांगतो, तुमचा नवस पूर्ण झाला." मावशी शांतपणे म्हणाली, "पाद्रीबाब, मी सायबिणीक सांगलंय, सायबिणीन आयकलां. मदी तुमका ऑपरेटर कोणी केल्यान?" आणि माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलून आत गेले.

मीच दिव्याला तेल घालीन, तुम्ही दोघं चार दिवस जाऊन या, असंही मी म्हटलं होतं. "तू हिंदू म्हणान न्हय गो, बाय," ती म्हणाली. "पण माझ्या हातान असां बोललंय मी. तुझो हात तो तुझो हात."

पात्रांवांची एकच इच्छा होती. "जल्मभर मी दर्यातसून जमीन बघलंय," ते मला एकदा त्या मिठबावच्या उतारावर, म्हणजे गोठ्यासमोर, म्हणाले. "संध्याकाळचे ह्या किनाऱ्यावरले दिवे दिसत. वाटायचा, त्यातलो एक माझो. आता तिका बाजूक घेवन जमिनीवरसून दर्यो बघूचो आसा. बस्स. दुसरा काय नको." एक जायला, एक राहायला. त्यांच्या घरात हे तत्त्व छत्र्यांच्याही आधीपासून चाललेलं होतं आणि राहणारी कोण, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला, आणि लगेच वाईटही वाटलं.

तेलाचा दिवा हलत्या गाडीत ठेवायची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी आधी विजेचा दिवा सुचवला. मावशीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या पणतीची ज्योत त्या बलबात कशी घालतलंस, ता सांग आदी."

पात्रांव उठून गेले. आठवडाभर त्यांनी गाडीही चालवली नाही. मग एका सकाळी माळ्यावरून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खाली आणलं. सोडून बघते तर काच. दरवाजाच्या फळीएवढी, ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली, आत काळ्यानिळ्या गोल चकत्या. त्यांनी शेवटच्या सफरीत कुठल्याशा बंदरात, होड्या दुरुस्त करणाऱ्याकडून ती घेतली होती. भर समुद्रात वाट दाखवायला तरंगती पिंपं बांधलेली असतात, त्यांवर उन्हाची वीज करणारी असली काच त्यांनी पाहिली होती. माणूस नाही, तेल नाही, वायर नाही, आणि सूर्य बुडाला की दिवा आपला आपण लागतो. ते पाहून आपण डेकवर रडलो, असं त्यांनी मला सांगितलं. का रडलात, तर म्हणाले, "माका वाटला, हेका कोण घरात वाट बघीत बसणारा नको."

ती काच त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उन्हात तिरकी धरली. दोन वायरी, एक इवलासा बल्ब. बल्ब लागला.

"ही ज्योत कोणी पेटयली?" त्यांनी विचारलं.

मावशी चुलीपुढून उठून आली. बल्बाकडे बघितलं, वायरींकडे बघितलं, गाडीला कुठे जोडलंय का ते वाकून बघितलं. "सूर्यान," ती म्हणाली.

"आणि सूर्याक कोणी पेटयलो?"

मावशीने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून खुरीस केला. उत्तर देणं भाग होतं आणि उत्तर एकच होतं. पण तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. म्हणाली, "बरां. पण इंजिनाचो करंट त्यात येवचो नाय. एक थेंबसुद्धा नाय. डिझेलाचो दिवो सायबिणीक मी लावचंय नाय." पात्रांवांनी त्याच दिवशी तो तांब्याचा खटका काढला. पावसाळाभर खपून बसवलेला. एकेक वायर सोडवली, टोकांना चिकटपट्टी लावली आणि खटका पुसून कपाटात ठेवून दिला. माणसं बायकोवर प्रेम आहे असं तोंडाने म्हणतात. मी हे बघितलेलं आहे.

मग ठरलं. सायबिणीची नवेन, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, गाडीत करायची. गाडी खळ्यातच, पण इंजिन बंद. नऊ दिवस दिवा नुसत्या सूर्यावर जळला, तर दहाव्या दिवशी मावशी गाडीत चढणार आणि मिठबावला जाणार. पहिल्या दिवशी तिने मूर्ती स्वतः उचलून गाडीतल्या फळीवर नेऊन ठेवली आणि बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. घरातला दिवा तिने विझवला नाही. फक्त तेल घातलं नाही. "दोन दिवे म्हणजे नवसात लबाडी," म्हणाली. संध्याकाळपर्यंत तो आपोआप निवाला. पात्रांव दारात हॅट काढून उभे होते. म्हणजे आता जे काही होतं, ते त्या गाडीतल्या बल्बावर होतं.

गाडी फणसाच्या सावलीत, म्हणून काच मात्र लांब वायर सोडून खळ्याच्या मधोमध, बाजेवर टेकवून उन्हात ठेवली होती. दिवसभर काच बॅटरी भरणार, रात्रभर बॅटरी दिवा जाळणार. रात्री बॅटरीतली वीज उलटी काचेत परतू नये म्हणून मधे एक बोटाच्या पेराएवढा तुकडा होता. "हेचा दार एकाच बाजून उघडता," ते मला दाखवत. रोज संध्याकाळी मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा गाडीच्या उघड्या दारासमोर मावशी स्टुलावर बसून तेर्स, म्हणजे माळेवरची संध्याकाळची प्रार्थना, म्हणत असायची. मी माळ घेऊन काय करणार, मी आपली हात जोडून बसायचे. आत तांबूस उजेडात सायबीण. बाहेर खळ्यात पिकल्या फणसाचा वास. हवा अशी जड, की वाटायचं आपण आधीच कुठेतरी पोचलो आहोत आणि कोणी आपल्याला सांगितलेलं नाही.

पहिले काही दिवस झकास गेले. मग पात्रांवांचा चेहरा उतरायला लागला. सकाळी नळी बुडवत, वर धरत, पुन्हा बुडवत. "उतरता गो," ते मला कुजबुजून म्हणाले. "भरना नाय. एवढा ऊन पडता, खंय जाता?" त्यांनी वायरी बदलल्या. बॅटरीची टोकं घासली. तो एका बाजूने उघडणारा तुकडा बदलला, दुसरा होताच. शेवटी त्यांनी सूर्यालाच दोष दिला. "आजकालचो सूर्य पाणी घातलेलो आसा," म्हणाले, आणि मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

"सांगा ना मावशीला," मी म्हटलं. "फार तर पुढच्या वर्षी."

"पुढल्या वर्साचा नाय गो," ते म्हणाले. "दिवो गेलो, तर ती माझ्याकडे बघीत बसतली. मी साधो खोकलंय तरी भियातली. माका नजरेआड होवक देवची नाय. गाडी ऱ्हवली बाजूक, तिका हंय घरातसुद्धा सुखान बसूक गावचा नाय." आणि त्यांनी नळी पुन्हा बॅटरीत बुडवली.

सातव्या संध्याकाळी तेर्स निम्मं झालं असेल. बल्ब लाल झाला. मग त्यातली नुसती तार दिसायला लागली. मग तीही दिसेना.

मावशीचं तोंड अर्ध्या शब्दावर थांबलं. पात्रांव उडी मारून पुढच्या बाजूला गेले. इंजिनची बॅटरी होती ना भरलेली! दोन वायरी, दोन चिमटे, क्षणाचं काम. चिमटे हातात घेऊन ते आले तर मावशी म्हणाली, "नको रे."

"एक मिनिट फक्त—"

"डिझेलाचो नको म्हटलंय मां."

ते चिमटे हातात धरून तसेच उभे राहिले. मग ते एकदम काचेकडे धावले. अजून पश्चिमेला उजेड होता. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं. "मीठ," म्हणाले. चौकटीच्या कोपऱ्यात नख घालून त्यांनी काहीतरी उकरून काढलं. लालभडक, चिकट, सुरकुतलेलं कोकमाचं साल.

"माझा ता," मावशी स्टुलावरूनच म्हणाली. "दुपारी मी सोला घालतंय थंय. तू निजलंस की घालतंय, चायेच्या आदी काढतंय."

"हंय? काचेर?"

"मगे? बरी तापता ती. वाळू लागना नाय, माती लागना नाय."

"अगो, पण सूर्य आत कसो जातलो?"

"जाता मां! काच हात लावक देय नाय इतकी तापता. सूर्य आत जाय नाय, तर तापता कशी? लोणच्याच्या बरणयेक फडको बांधून उन्हात ठेवतंव, त्या लोणच्याक ऊन लागता की नाय?"

जगातल्या कितीतरी बंदरांत पात्रांवांनी गोऱ्या इंजिनिअरांशी वाद घातले होते. लोणच्याच्या बरणीला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. रोज भर दुपारचं, सगळ्यात कडक ऊन ती सोलं खात होती आणि हा माणूस आपल्या त्या पवित्र झोपेत घोरत होता.

मला वाटलं, आता ते चिडणार. ते मावशीच्या पायाशी जमिनीवर बसले. "माफ कर," म्हणाले. "सगळा दोन-दोन ठेवलंय मी. ह्यो दिवोच एक ठेवलंय." आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, नाक ओढत.

मावशी त्यांच्याकडे बघत होती. त्यांना ज्याची भीती होती तेच ती करत होती, टक लावून बघत होती. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला.

"छातीत काय होता?"

"नाय."

"चक्कर?"

"नाय गो."

"पाय हलवन दाखय."

त्यांनी पाय हलवून दाखवला. मावशी पुन्हा गाडीत बघून आली. बल्ब विझलेला. परत येऊन तिने पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. अंधार पडत होता, तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण आवाज आठवतो. एखादी फसवणूक उघडकीला यावी आणि फसवणारा कोण ते कळू नये, तसा तो आवाज होता.

"इतकी वर्सा मी समाजत होतंय, मीच तुका धरून ठेवलंय," ती म्हणाली. "हात सोडलंय तर तू बुडतलंस."

"तूच धरलंस."

"मगे आता कोणी धरलां हा?"

मावशी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग तिला हसू यायला लागलं. आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी. तिने पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "पाद्रीबाबाक सांगू नको हां," ती मला म्हणाली. "तो म्हणतलो, मी आदीच सांगलेलंय." मग ती हुंदके देऊन रडली आणि मी पण रडले, कशासाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता येईल. माझ्या डोळ्यांसमोर एका बाईची सगळी तरुण वर्षं तिला परत न मिळताच सुटी झाली होती.

दोघंही आता नाहीत. मावशी आधी गेली, पात्रांव पुढे बरीच वर्षं होते. मावशी असेपर्यंत दर उन्हाळ्यात ती गाडी कुठे कुठे जाऊन यायची, काच टपावर आडवी, आणि मावशी पुढच्या सीटवर हात खिडकीबाहेर टाकून. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळच.

मी ड्यूटीला निघत होते. मावशी न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून खळ्यात उभी होती. पात्रांव इंजिनशी काहीतरी करत होते, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. मी मूर्ती घरात नेऊन ठेवायला गाडीत गेले, तर मावशी म्हणाली, "रवांदे तिका थंयच. तीय बिचारी इतकी वर्सा भायर पडाक नाय. बघांदे दर्यो."

इंजिन सुरू झालं. धूर झाला. मावशीने घराचं दार ओढून घेतलं आणि तशीच दाराकडे बघत राहिली. मला आधी कळेना काय झालं. मग कळलं. त्या घराला बाहेरून लावायला कुलूपच नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. मी माझ्या खोलीचं कुलूप काढून आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते लावलं, दोनदा ओढून बघितलं. "लागला?" मला विचारलं. लागलं, म्हटलं.

मग ती पायरी चढून पुढच्या सीटवर बसली. किल्ली तिच्या तळहातावर होती. कमरेला खोचायची, की पदराला बांधायची, की गळ्यातल्या माळेत ओवायची, तिला समजेना. पात्रांव गाडी सोडायच्या बेतात होते. तिने ती किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "तू ठेव. माका आता काय एक सांभाळूचा नाय."